कणसूर

फेब्रुवारीत हॅमट्रॅमिकची हवा इतकी कोरडी
की रेडिएटरजवळ टांगलेल्या गिटारांच्या माना
रात्रीतून मागे झुकतात.
तसाच एक बेस घेऊन व्हर्डेल पेटवे बाई आल्या,
टोपीवर बर्फ, बुटांत रस्त्यावरचं मीठ.
"खरखरतोय," म्हणाल्या. "खाली, पहिल्या तीन पडद्यांत.
रविवारच्या आत हवा.
आणि तारांना हात लावायचा नाही.
त्या माझ्या मुलीहून मोठ्या आहेत."

बोगुमिलने एक डोळा मिटून
बेसच्या मानेकडे बंदुकीच्या नळीसारखं पाहिलं.
आतल्या सळईला पाव आटा, डावीकडे.
मग थांबला. सूप प्यायला. परत पाहिलं.
"मान सांभाळली की निम्मं काम झालं,"
एवढंच म्हणाला, आणि दिवे माझ्यावर सोपवून घरी गेला.

मी थांबलो.
दोन वर्षं झाडू, दोन महिने स्क्रू.
मला काहीतरी बरोबर करायचं होतं.

बाराव्या पडद्यावर तार नुसती शिवायची,
बोट उचलायचं: लांबून घंटा वाजल्यासारखा सूर.
मग तिथंच दाबून छेडायची.
शिवलेला आणि दाबलेला,
दोन्ही सूर एकच यायला हवेत.
इथे दाबलेला खाली.
बेसूर नव्हे, कणसूर.
ट्यूनरचा काटा रेघेच्या अलीकडे
दार न वाजवता उभा असलेल्या माणसासारखा.

घोडीवर चार खोगिरं, एकेका तारेला एकेक.
स्क्रू गंजून बसलेले. तेलाचा थेंब, वाट पाहणं,
दुसरा थेंब.
खोगीर पुढे सरकवलं की मोकळी तार बिघडते,
ती लावली की पुन्हा बारावा पडदा,
पुन्हा शिवणं, पुन्हा दाबणं.
जाड तारेलाच तास गेला.
आमच्या घरी भिंतीवर ऊद आहे.
त्याला पडदेच नाहीत,
अब्बांचं बोट कुठं थांबायचं ते बोटच ठरवतं.
कारखान्यातून आले की धुतल्या हातानं वाजवतात,
आणि काटा बघायची त्यांना कधी गरज पडली नाही.
हे मला त्या रात्री आठवलं,
पण मी काट्याकडेच पाहत होतो.
पहाटे एकला चारही तारांवर तो मधोमध.

शनिवारी बाई उभ्याउभ्याच वाजवायला लागल्या.
खाली सगळं स्वच्छ, खरखर नाही.
बाईंनी मान हलवली.
मग हात वर गेला, सातवा, नववा, बारावा,
आणि त्या थांबल्या.
पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबल्या.
"हा चढतोय. ह्याला काय केलंत?"

काटा मधोमध आहे, मी म्हणालो.
"काट्याला रविवारी गायचं नाहीये."

तेव्हा बोगुमिलनं त्यांच्या हाताकडे पाहिलं,
मीही पाहिलं.
वरच्या पडद्यांवर तर्जनी तार दाबते
आणि दाबता दाबता जरा बाजूला ओढते,
एवढीशी, नखाच्या जाडीएवढी.
एकतीस वर्षं सूर खाली होता,
एकतीस वर्षं ती तो उचलत होती.
कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनाही नाही.
नखाच्या कडेला त्याचा घट्टा आहे.

"परत होता तसा होईल?"

मला वाटलं, आता कुठे सापडणार ती जागा,
आकडा मी लिहून ठेवला नव्हता.
बोगुमिलनं दिवा तिरका धरला.
घोडीच्या पत्र्यावर प्रत्येक खोगिराच्या मागे
गंजाची एक चौकट होती,
फोटो काढल्यावर भिंतीवर उरते तशी.
"तिथे ने," तो म्हणाला.

मी चार खोगिरं चार सावल्यांवर नेऊन ठेवली.
बाईंनी वाजवलं. आता काटा चूक सांगत होता.
बोगुमिलनं त्याचं बटण दाबून त्याला झोपवलं.

पावती त्यानं मला लिहायला लावली.
मी लिहिलं: मान, पाव आटा, वीस डॉलर.
माझी रात्र कुठे लिहावी कळेना.
"तेलाचे दोन थेंब," तो म्हणाला,
"फुकट."